सायकलीची वाट आणि शहराची तिजोरी

दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला लोक आजही ‘दादर टी.टी.’ म्हणतात. टी.टी. म्हणजे ट्रॅम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे धावली. त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी नायगावच्या चाळीतला माणूस टॅक्सीवाल्याला ‘टी.टी.ला सोड’ असेच सांगतो. ट्रॅम गेली, नाव उरले. रुळांखालची जागा मात्र मोकळी झाली होती, आणि ती कोणाला मिळाली हा प्रश्न आजच्या एका वादाच्या मुळाशी आहे.

तो वाद सायकलमार्गांचा. शहराने आपल्या तिजोरीतून सायकलींसाठी वेगळी वाट बांधावी का? ‘मुंबईत सायकल चालवतो कोण?’ असा प्रतिप्रश्न यावर हमखास येतो, आणि चर्चा तिथेच संपते. वास्तविक मुंबईने गेल्या पंधरा वर्षांत सायकलमार्गांवर पैसा खर्च केला आहे, काही वेळा उधळलाही आहे. तो कोठे खर्च झाला आणि कोठे झाला नाही, हे समजून घ्यायचे तर सुरुवात सायकलीच्या आधीपासून करावी लागते. त्यासाठी नायगावसारखी जागा नाही. रस्ता, घर आणि काम यांतील अंतर कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या सोयीने ठरते, हे या एका वस्तीच्या शंभर वर्षांत स्वच्छ दिसते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, शहर सुधारण्यासाठी ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. गर्दीच्या वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखणे ही त्याची कामे. ट्रस्टला सरकारी आणि महापालिकेच्या जमिनी मिळाल्या, शिवाय महापालिकेने आपल्या उत्पन्नातून दरवर्षी वाटा द्यायचा असे ठरले. दादर-माटुंगा योजना याच काळातली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा आणि तेव्हाचा व्हिन्सेंट रोड, म्हणजे आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, ही त्या योजनेची दृश्य फळे. झाडांच्या रांगा, रुंद पदपथ, मधोमध ट्रॅमची सोय. रस्ता आखतानाच त्याची वाटणी आखलेली होती. ज्या शहराला रस्त्याच्या रुंदीचे तुकडे पाडणे अशक्य वाटते, त्याच शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी ते काम झालेले आहे, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

पण व्हिन्सेंट रोडच्या कडेला कारकून, वकील, डॉक्टर राहायला आले. गिरणी कामगारांचे काय? त्यांच्यासाठी १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ उभे राहिले. त्याच खात्याची आद्याक्षरे आजही बीडीडी चाळींच्या नावात आहेत. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. पैसा आला जनतेकडून घेतलेल्या कर्जातून आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर लावलेल्या एक रुपयाच्या नगरशुल्कातून. म्हणजे ज्या कापसावर गिरण्या चालत होत्या, त्याच कापसाने कामगारांच्या घरांना हातभार लावायचा, अशी ही जुळणी. कल्पना म्हणून ती आजही वाखाणण्याजोगी आहे.

प्रत्यक्षात वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. हिशेब साडेसोळा हजार खोल्यांच्या आसपास थांबला. आणि गंमत अशी, की घरांची एवढी टंचाई असलेल्या शहरात यांतील पुष्कळ खोल्या सुरुवातीची काही वर्षे रिकाम्या पडून होत्या!

भाडे परवडत नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. गिरणी कामगाराचे आयुष्य चालण्याच्या अंतरात बांधलेले होते. १९२० च्या दशकातल्या पाहण्यांनुसार दहांपैकी नऊ गिरणी कामगार कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांच्या चालीत राहत. भोंगा झाला की उठायचे, दुसरा भोंगा होईपर्यंत फाटकात हजर व्हायचे. ट्रॅमचे भाडे रोज भरणे हा चैनीचा प्रकार होता. रोजंदारीवर काम मिळते की नाही हे जॉबरच्या मर्जीवर असे, त्यामुळे सकाळी फाटकापाशी असणे हीच अर्धी नोकरी. अशा माणसाला दूरच्या मोकळ्या माळावर नवी कोरी खोली दिली, तर तो ती घेणार नाही. वरळीच्या चाळी म्हणून ओस पडल्या. नायगावचे दैव त्या मानाने बरे होते. आसपास गिरण्या होत्या, बॉम्बे डाइंगची स्प्रिंग मिल तर अगदी लगत होती. परळ, लालबाग, शिवडी ही सारी पायांच्या टप्प्यात. शासनाने जमीन जिथे मोकळी होती तिथे चाळी बांधल्या. माणूस जिथे जात-येत होता तिथे त्यांतल्या थोड्याच पडल्या. ही चूक लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तब्बल नव्वद वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

आता सायकल. मुंबईच्या सायकल-इतिहासात सर्वांत प्रसिद्ध नावे आहेत ती आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांची. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघालेले हे पारशी तरुण जग पालथे घालून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. वाळवंटे, जंगले, हिमाच्छादित घाट, सारे दोन चाकांवर. कौतुक करावे तितके थोडे. पण सायकल म्हणजे साहस आणि व्यायाम, ही प्रतिमा याच कौतुकातून घट्ट झाली. शहराची खरी सायकल वेगळी होती. तिच्या कॅरियरला दुधाच्या किटल्या लटकत, पावाचा पत्र्याचा डबा बांधलेला असे, दांडीवर तारेच्या पिशव्या असत. टपाल, वर्तमानपत्र, बर्फ, इस्त्रीचे गाठोडे, गॅसचे सिलिंडर. धार लावणाऱ्याने तर सायकलच स्टँडवर चढवून तिचे पायडल यंत्रासारखे वापरले. १८९० च्या सुमारास महादू हवाजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायातही स्टेशनपासून कचेरीपर्यंतचा शेवटचा टप्पा पुढे सायकलीवर आला. गिरणी कामगार स्वतः बहुतेक चालतच राहिला, हे खरे. पण त्याच्या दारात सकाळी जे येई, ते सायकलीवरून येई.

आणि ही सायकल परकी राहिली नव्हती. वरळीत ‘हिंद सायकल्स’चा कारखाना होता. गिरण्यांच्या धुराड्यांच्या शेजारीच सायकली तयार होत होत्या. कारखाना पुढे आजारी पडला. १९८० मध्ये संसदेने हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला आणि त्यातून मुंबईत ‘नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही सरकारी कंपनी उभी राहिली. सायकलीचा कारखाना वाचवण्यासाठी राज्यसंस्थेने कायदा केला, सायकल चालवण्याच्या जागेसाठी मात्र कोणताही कायदा केला नाही. कारखाना तरी वाचला का? तोही नाही.

सायकलस्वार फुकट रस्ता वापरतो, कर तर मोटारवाला भरतो, असा युक्तिवाद आज सर्रास ऐकू येतो. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. पुण्यासह महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर घेत आणि पावती म्हणून धातूचा छोटा बिल्ला देत. तो बिल्ला सायकलीला नसेल, तर नाक्यावर शिपाई अडवी. जुन्या पुणेरी घरांत हे बिल्ले अजून सापडतात. हा केवळ आपल्याकडचा प्रकार नव्हता. आज सायकलींचा देश म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या नेदरलँड्सने १९२४ मध्ये देशभर सायकलकर लावला. तेथेही दरवर्षी धातूची पट्टी घ्यावी लागे. मंदीच्या काळात बेरोजगारांना ती फुकट मिळे, पण तिला भोक पाडलेले असे, म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळावे की हा माणूस बेकार आहे. या कराचे उत्पन्न रस्तेबांधणीला गेले, आणि त्या रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या. कर १९४१ मध्ये रद्द झाला. सायकलस्वारांनी मोटारींच्या रस्त्यांना पैसा पुरवला, असा हा डच इतिहास आहे, आणि पुण्याच्या बिल्ल्याची गोष्टही फार निराळी नाही.

मग सायकलीला हक्काची वाट केव्हा द्यायची? याचे उत्तर भारतात १९६२ मध्येच लिहिले गेले. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेने त्या वर्षी सायकलमार्गांच्या आखणीची शिफारसपत्रिका काढली. तिचा निकष साधा आहे. ज्या रस्त्यावर ताशी १०० ते २०० मोटारगाड्या जातात, तेथे गर्दीच्या तासाला ४०० सायकली असतील तर स्वतंत्र मार्ग द्यावा. मोटारगाड्या ताशी २०० च्या वर गेल्या, तर मात्र अवघ्या १०० सायकलींसाठीही स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो. तर्क मानवी आहे. वाहनांचा धोका जितका अधिक, तितकी संरक्षणाची गरज मोठी आणि तितकी संख्येची अट शिथिल. आंबेडकर मार्गावरून आज तासाला किती मोटारी जातात, हे सांगण्यासाठी मोजणीची गरज नाही. सायकली मात्र मोजाव्या लागतील. आणि त्या मोजायच्या तर पहाटे मोजाव्या लागतील, कारण दूध, पाव आणि वर्तमानपत्र कचेरीच्या वेळेला निघत नाहीत. ‘मुंबईत सायकल चालवतो कोण’ हे विचारणारा बहुधा साडेनऊला घराबाहेर पडतो.

दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, ट्रॅम बंद झाली. रस्त्याच्या मधोमध ट्रॅमची जी मार्गिका होती ती मोकळी झाली. मुंबईच्या मुख्य मार्गांवर जागेची नव्याने वाटणी करण्याची अशी संधी त्यापूर्वी क्वचितच आली असेल. वाटणी झालीच नाही. रूळ गेले, त्यावर डांबर आले आणि ती पट्टी वाढत्या मोटारींनी आपोआप व्यापली. त्यासाठी सभागृहात ठराव झाला असेल-नसेल. रस्त्यावरची जागा अनेकदा अशीच जाते, कोणी मागितल्याशिवाय आणि कोणी दिल्याशिवाय.

त्यानंतरच्या काही दशकांत नायगावच्या आसपासचे जगच उलटले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा महासंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ववत उभ्या राहिल्याच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आले, स्प्रिंग मिलच्या जागीही आले. कामगारांची मुले डोंबिवली, विरारला गेली आणि तेथून रोज लोकलने याच परिसरात कामाला येऊ लागली. पंधरा मिनिटांची चाल दीड तासाचा प्रवास झाली.

या नव्या परिसरासाठी शहराने काय बांधले? पूल. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबईत उड्डाणपुलांचा धडाका लावला. जून २०११ मध्ये आंबेडकर मार्गावर लालबागचा सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. खाली लालबाग-परळची बाजारपेठ, वरून सुसाट मोटार. शहराच्या सर्वांत महागड्या काही रस्त्यांवर तर सायकलीला पाऊल ठेवण्याचीही मुभा नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, जे. जे. उड्डाणपूल आणि आता किनारी रस्ता येथे मोटारसायकललाही बंदी आहे, तेथे सायकलीची काय कथा. किनारी रस्त्याचा खर्च सुमारे चौदा हजार कोटी रुपये, आणि तो महापालिकेच्या तिजोरीतून. कराचा पैसा सर्वांचा, रस्ता चारचाकींचा.

पैशाखेरीज मदतीचा आणखी एक मार्ग असतो, तो सहसा डोळ्यांना दिसत नाही. बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला दिला, तर त्याला वाढीव चटईक्षेत्र द्यायचे, अशी तरतूद विकास नियंत्रण नियमावलीत होती. दादर पश्चिमेच्या कोहिनूर स्क्वेअरमधला सुमारे हजार वाहनांचा सार्वजनिक तळ पालिकेच्या ताब्यातल्या अशा मोठ्या तळांपैकी एक. मुंबईत चटईक्षेत्र म्हणजे रोख रक्कमच. मोटार उभी करण्याच्या जागेला शहराने अशी मदत केली आणि तिला कोणी ‘अनुदान’ म्हटले नाही. सायकलमार्गाचा विषय निघाला, की हाच शब्द पहिल्यांदा उच्चारला जातो.

तरीही सायकलमार्ग आलेच. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना रस्त्यात न्याय्य वाटा देण्याचे सांगितले आणि त्यासाठी केंद्राच्या निधीची दारे किलकिली झाली. पुण्यात त्या सुमारास बीआरटीच्या जोडीने सायकलमार्ग बांधले गेले. ते तुटक होते, मध्येच झाड, रोहित्र किंवा चहाची टपरी येई. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. तो कागदावर आजही सुंदर दिसतो.

मुंबईचा पहिला मोठा प्रयोग २०११ मधला, वांद्रे-कुर्ला संकुलातला. एमएमआरडीएने सुमारे साडेसहा कोटी रुपये खर्चून सुमारे १३ किलोमीटरचे मार्ग आखले. ते संकुलाच्या आतच सुरू होत आणि आतच संपत. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवरून तेथे सायकलने पोचण्याची सुरक्षित वाट नव्हती, म्हणजे घरापासून कामापर्यंतचा प्रवास मधल्या तुकड्यापुरताच सुरक्षित. मार्गावर मोटारी उभ्या राहू लागल्या. काही वर्षांनी ‘कोणी वापरतच नाही’ हा निष्कर्ष निघाला आणि अखेर त्या पट्ट्या मोडून मोटारींसाठी मार्गिका वाढवण्याचे ठरले. विहिरीकडे जाणारी पायवाट बुजवायची आणि मग पाणी भरायला कोणी येत नाही म्हणून विहीर बुजवायची, असा हा न्याय.

मग आले २०१७. त्या वर्षी महापालिकेने ‘ग्रीन व्हील्स अलाँग ब्ल्यू लाइन्स’ नावाची योजना जाहीर केली. तानसाहून येणाऱ्या जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग, खर्च काही शे कोटी. जागा मोकळी कशी झाली होती? जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा रिकामी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. त्यानुसार हजारो झोपड्या हटवल्या गेल्या. हटवण्याचे कारण पाण्याची सुरक्षितता हे होते, सायकल नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. पण त्यांतल्या अनेक कुटुंबांना ज्या माहुलला पाठवले, तेथे रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांचा शेजार होता. तेथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. विद्याविहारच्या रहिवाशांनी रस्त्यावर बसून लढा दिला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने माहुलची सक्ती करू नये आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे, असे सांगितले. ज्या माणसांकडे सायकलच वाहन म्हणून होती, त्यांच्यातलेच अनेक जण या जागेवरून उठले आणि तेथे सायकलमार्गाचे चित्र रंगवले गेले. ३९ किलोमीटरचा तो सलग मार्ग चित्रातच राहिला.

त्याच २०१७ च्या २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण मृत्युमुखी पडले. नायगावहून चालत पाऊण-एक तासात जाऊन येता येईल, इतक्या जवळ. पूर्वीच्या गिरण्यांच्या जागी आलेल्या कचेऱ्यांत कामाला जाणारी ही माणसे होती. पायी चालणाऱ्यासाठी पुरेसा रुंद जिना नसणे म्हणजे काय, हे त्या सकाळी कळले. दोन महिन्यांनी, डिसेंबरात, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपासून वरळीपर्यंत सायकलमार्गाचे उद्घाटन झाले. रविवारी सकाळी ६ ते ११, कडेला अडथळे लावून, भाड्याच्या सायकलींसह. सोमवारी मोटारी परत. उपक्रम आनंदाचा होता, त्यात वाईट काही नाही. पण तो व्यायामाचा मार्ग होता. पाववाल्याला रविवारच्या सकाळचा काय उपयोग?

पवईचे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. तलावाच्या भोवती सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधण्याचे काम महापालिकेने २०२१ मध्ये हाती घेतले. पाण्याच्या काठावर दगडांच्या जाळीदार पेट्या रचून भर घातली गेली. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांचा भंग होतो, असे सांगत नागरिक आणि विद्यार्थी न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवून तलावाची जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सायकलमार्गाला विरोध करणारे लोक पर्यावरणवादी होते, हे मुंबईतच घडू शकते! १५ ऑगस्ट २०२५ रोजी किनारी रस्त्यालगतचा समुद्राकाठचा पदपथ लोकांना खुला झाला. त्यावरही सायकलची वाट आहे. हवा सुरेख, सूर्यास्त सुरेख.

आता नकाशा पसरून या जागांवर बोट ठेवा. व्यापारी संकुल, जलवाहिनीची पट्टी, समुद्रकिनारा, तलाव, पुन्हा समुद्रकिनारा. यांतली एकही रेषा नायगाव, परळ, लालबाग, भायखळा यांच्या रस्त्यांवरून जात नाही. शहराने प्रत्येक वेळी ‘जागा कोठे मोकळी आहे’ हे विचारले, ‘सायकल कोठे धावते’ हे विचारले नाही. १९२० च्या दशकात वरळीच्या माळावर चाळी बांधणाऱ्या खात्याने नेमके हेच केले होते.

नेदरलँड्सलाही हे एका फटक्यात उमगले नव्हते. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. संतापलेले पालक रस्त्यावर उतरले. त्यानंतर केंद्र सरकारने पैसा दिला आणि हेग व तिलबर्ग या दोन शहरांत एकेक उत्तम, रुंद, रंगवलेला सायकलमार्ग बांधला गेला. हेगच्या दुकानदारांनी विरोध केला, कारण दुकानासमोर मोटार उभी राहणार नव्हती. मार्ग झाला. त्या रस्त्यावर सायकली वाढल्या, शहरात एकूण सायकलींची संख्या फारशी वाढली नाही. आजूबाजूचे लोक केवळ त्या गल्लीतून जाऊ लागले. १९८० च्या दशकात डेल्फ्टने वेगळा प्रयोग केला. एक दिमाखदार मार्ग न बांधता तुटलेले दुवे जोडले. येथे छोटा पूल, तेथे बोगदा, कोठे फक्त गल्लीच्या तोंडाशी मोटारीला अटकाव. पुन्हा खर्चाचा मोठा वाटा केंद्राचा. डेल्फ्टमध्ये सायकलचा वापर वाढला. वाढ थोडी होती, पण ती शहरभर होती.

नायगावला हेगसारख्या मार्गाची जागा नाही, हे मान्यच करावे. क्रॉस रोडवर दोन्ही कडांना मोटारी, मध्ये बेस्टची बस, पदपथावर भाजीवाली. फेरीवाल्याला उठवून सायकलमार्ग काढायचा असेल, तर ती माहुलचीच लहान आवृत्ती होईल. पावसाळ्यात हिंदमाता तुंबते, तेव्हा मोटारीलाही वाट नसते. चाळीतल्या ज्याने आयुष्यभर बचत करून पहिली मोटार घेतली, त्याला ती घराखाली लावायची आहे, हा आग्रहही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक फुटावर कोणाचा तरी संसार आहे. पण अंतरे पाहा. नायगावहून केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये, दादर आणि परळ स्टेशन, शिवडी, वडाळा ही सारी दोन-अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि जमीन सपाट. २००८ च्या महानगर प्रदेशाच्या वाहतूक अभ्यासात निम्म्याहून थोड्या अधिक फेऱ्या संपूर्णपणे पायी होत असल्याचे दिसले होते. एवढे मोठे पायी शहर जगात फार थोड्या ठिकाणी असेल. डेल्फ्टची रीत अशाच जागेची आहे. रुग्णालयाच्या मागच्या दाराकडे जाणारी गल्ली, शाळेपुढचा चौक, स्टेशनच्या जिन्यापाशी सायकल लावायची दांडी.

पैसा नाही, असे तर म्हणताच येत नाही. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा आहे. आणि रस्ते नव्याने होतच आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा प्रारंभ झाला, खर्च सहा हजार कोटींच्या घरात, पाठोपाठ दुसरा टप्पाही निघाला. एकदा काँक्रीट ओतले, की तो रस्ता पुढची पंचवीस-तीस वर्षे खोदायचा नसतो, निदान तसे अपेक्षित असते. पदपथ किती रुंद, वळणावर कडेचा दगड कोठे, मोटारीची पट्टी केवढी, हे सारे त्या ओतकामाच्या आधीच ठरते. काँक्रीट टाकायला घेतलेल्या गल्लीत सायकलीसाठी दीड मीटर राखायचा, तर त्याचा वेगळा खर्च अत्यल्प असतो. काँक्रीट सुकल्यावर मागितला, तर तो ‘प्रकल्प’ होतो आणि त्याला कोटींचा आकडा लागतो.

बीडीडी चाळींचीही आता नवी आखणी चालू आहे. एप्रिल २०१७ मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले, १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगावातही जुन्या चाळी उतरत आहेत आणि मनोरे चढत आहेत. शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या गाठीमागे एक रुपया घेऊन बांधलेल्या त्या १६० चौरस फुटांतून माणसे अखेर मोकळी होत आहेत. मनोऱ्यांच्या पायथ्याशी मोटारींसाठी मजलेच्या मजले राखलेले असतात. आवारातून बाहेर पडणारा रस्ता अजून खणलेला आहे. पहाटे साडेपाचला त्या खणलेल्या कडेने पाववाला सायकल हातात धरून चालत जातो, कारण तेवढ्या तुकड्यात ती चालवता येत नाही.